सभा बसू दे

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे जंगल राखून हवेतला कार्बन धरून ठेवल्याबद्दल गावाला पैसे देऊ करणारे, येऊन गेले, करार चाळीस वर्षांचा, रक्कम बरी, आणि मार्चअखेर ग्रामसभेचा ठराव हवा. तू विचारतेस, मसुदा कसा लिहू? अगं, मसुदा तू लिहायचाच कशाला? आधी सभा बसू दे.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव तू पाहिलंयस. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना २००९ साली मिळाला, बांबूचा वाहतूक परवाना हाती पडायला २०११ उजाडलं. पण सर्वसहमतीनं ठरवायची सवय वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधीची. एकालाही पटलं नाही, तर विषय पुढच्या सभेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर तेंदूपत्त्याचा रोख पैसा सोडला, कारण पानासाठी झाडं छाटतात, आगी लावतात. हातातला पैसा सोडायचं बळ बाहेरच्याच्या ठरावातून येत नाही, बाई.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. एका गावात रोपवनाचा निधी परत जाऊ नये म्हणून मी एका संध्याकाळीत घरोघरी फिरून सह्या-अंगठे गोळा केले. बायांना विचारलंच नाही. रोपं लागली ती नेमकी त्यांच्या गुरांच्या वाटेवर. दुसऱ्या उन्हाळ्यात आग आली तेव्हा ओल्या फांद्या घेऊन आम्ही तिघंच झोडपत होतो. गाव बांधावर उभं राहून बघत होतं. मी किती वर्षं त्या गावाला नावं ठेवली! निधी खरंच परत गेला असता, हेही तितकंच खरं. त्या वेळी धावपळ करणारं दुसरं होतं कोण? असो.

तू माझ्याहून हुशार आहेस, म्हणूनच चिडतो. करार गोंडीत वाचून दाखव, ओळ न् ओळ. या चाळीस वर्षांत बांबू तोडायचा की नाही? सरपण कुठून आणायचं? वणवा लागला तर भरपाई कोण देणार? मागं बसलेल्या म्हातारीनं हे विचारेपर्यंत थांब. तिनं विचारलं नाही, तर पुन्हा सभा बसू दे.

आणि मार्चअखेर? तेव्हा बाया पहाटेपासून मोहाखाली असतात. एवढंही ज्यांना ठाऊक नाही, ते चाळीस वर्षांचं जंगल मोजायला निघालेत! फोन करून सांग त्यांना, मोह वेचून झाल्यावर या म्हणावं.

तुझा,
काका