डॉक्टर नसताना आरोग्य धोरणावर संशोधन करता येतं का?

तुम्ही विचारलंय, की समाजशास्त्रात एम.ए. करून आरोग्य धोरणात काम मिळेल का, आणि त्यातलं ‘राजकीय अर्थशास्त्र’ म्हणजे नेमकं काय. मी अर्थशास्त्राची, सोळा वर्षं याच कामात आहे. काम मिळतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात मिळालं.

पहिल्याच प्रकल्पात तीन दिवस तिथे बसून मी रुग्णांच्या चिठ्ठ्या बघत होते. एका आजींच्या चिठ्ठीवर पाच औषधं, त्यातली तीन बाहेरून आणायची. त्यांनी दोन घेतली. तिसरं राहू दे म्हणाल्या, एसटीला पैसे लागतील. औषधं देणाऱ्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, त्याने मागणी केव्हाच वर पाठवली होती.

मग मी राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडली. लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) २२१०, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च हे रकाने शेजारी ठेवून वाचायला शिका. पैसा मंजूर किती झाला, हातात कधी आला, कुठे अडला आणि हे ठरवलं कोणी, याचा माग काढत गेलं की आजींच्या तिसऱ्या औषधापर्यंत पोचता येतं. राजकीय अर्थशास्त्र ते हेच.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलंय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात, तो १.८४ टक्के होता, तोही कोविडच्या काळात. एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी खिशातून भरले. मला अजूनही या आकड्याचा राग येतो.

शिकायला मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा जेएनयूचं सामाजिक वैद्यक केंद्र बघा. मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘साथी’ या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांचे अहवाल आधी वाचून काढा. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या असतात. दोन प्रकल्पांच्या मधले रिकामे महिने मी काढलेत, घरी तशी कल्पना देऊन ठेवा.

प्रबंधाचा विषय ठरला नसेल, तर तुमच्या तालुक्यातलं एक केंद्र निवडा. लेखी परवानगी काढा, रुग्णांची नावं टिपू नका, आठवडाभर फक्त ‘बाहेरून’ लिहिलेली औषधं मोजा. त्यातून काय दिसतं ते मला जरूर कळवा.