दाढीचा ब्रश कोणता घ्यावा?

प्रश्न (ठाणे): डब्यातला फोम सोडून साबण आणि ब्रशने दाढी सुरू करायची आहे. दीडशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत ब्रश दिसतात. पहिला कोणता घ्यावा?

उत्तर: पहिला ब्रश सिंथेटिक घ्या. किमतीच्या आधी दोन मापे बघा: केसांचा झुपका ब्रशच्या मुठीत बसतो तिथला व्यास आणि मुठीबाहेरची केसांची उंची. व्यास 22 ते 24 मिमी आणि उंची 50 मिमीच्या आसपास असावी. 28 मिमीचा झुपका दिसायला ऐटदार, पण साबण फार खातो आणि नाकाखाली नीट फिरत नाही. केस उंच आणि विरळ असले की ब्रश लुळा पडतो, वडीवर नुसता फाकतो आणि साबण उचलत नाही. स्वस्त ब्रशांची खोड नेमकी हीच. दुकानात अंगठ्याने झुपका मधोमध फाकवून पाहा. मुळाशी पोकळी दिसली तर तो परत ठेवा.

डुकराचे केस जाड आणि ताठ असतात. घट्ट वडीवरचा साबण उचलायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. सुरुवातीला टोचतात, काही आठवडे रोज वापरल्यावर टोके चिरून मऊ होतात, तोवर धीर धरावा लागतो. हे केस पाणी पितात, म्हणून वापरण्याआधी 3-4 मिनिटे कोमट पाण्यात भिजवावे लागतात. नाही भिजवले तर फेसातले पाणी तेच ओढून घेतात आणि फेस गालावर सुकतो.

बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे केस मऊ असतात आणि पाणी भरपूर धरतात. मात्र ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सिल्व्हरटिप’ या प्रतींना सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसरीच्या ‘प्युअर’इतकाच निघू शकतो. सुरुवातीलाच त्यावर पैसे घालू नयेत.

सिंथेटिक तंतू पाणी शोषत नाहीत, त्यामुळे भिजवत बसावे लागत नाही आणि ब्रश लवकर वाळतो. एवढेच सांभाळा: ओला करून दोन-तीनदा चांगला झटका. न झटकता साबणाला लावला तर पाणी एकदम सुटते आणि फेस पातळ होतो.

प्रश्न (लातूर): ब्रश नवा, साबण चांगला, तरी फेस होत नाही. वाटीत पांढरट कण दिसतात. पाणी बोअरचे आहे.

उत्तर: दोष ब्रशचा नाही, पाण्याचा आहे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतात. तेच ते कण. एकदा आरओचे कपभर पाणी घेऊन करून बघा. फेस आला तर निदान पक्के. दाढीला तेवढे पाणी पुरते.

पद्धत अशी. ब्रश झटकून वडीवर 30 सेकंद फिरवा. टोकांवर घट्ट, खिरीसारखा थर दिसला पाहिजे. मग वाटीत किंवा थेट गालावर मिनिटभर घोळवा आणि ब्रशची फक्त टोके बुडवून थोडे थोडे पाणी घाला. फेस चकाकू लागला आणि बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे झाले की थांबा. मोठे बुडबुडे म्हणजे साबण कमी पडला किंवा पाणी जास्त झाले. फेस चिकट, निस्तेज असेल तर पाणी हवे आहे. ट्यूबमधले क्रीम वापरत असाल तर बदामाएवढे पुरे.

केसांवर साका बसून ते राठ झाले असतील तर कपभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून ब्रश पाच मिनिटे बुडवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात ब्रशला कुबट वास येतो, केसही गळतात. स्टँडला उलटा टांगावा का?

उत्तर: टांगा किंवा उभा ठेवा, फारसा फरक पडत नाही. पाणी काढणे महत्त्वाचे. मुळाशी साबण उरू देऊ नका, झुपका हलकेच पिळा, झटका, कोरड्या पंचावर पुसा आणि न्हाणीघराबाहेर वाऱ्याला ठेवा. बंद कपाटात किंवा डब्यात ओला ब्रश कुजतोच. कोकणात जून ते सप्टेंबर दोन ब्रश आलटून पालटून वापरणे सर्वांत सोपे.

नव्या ब्रशचे सुरुवातीला थोडे केस जाणारच. पुंजकेच्या पुंजके येऊ लागले तर मुळाशी डिंक सुटला आहे. उकळते पाणी, गालावर दाबून फिरवणे आणि तासन्‌तास भिजत ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे.

प्रश्न (सांगली): आम्हाला प्राण्याचे केस चालत नाहीत. ब्रशवर काही लिहिलेले नसेल तर कसे ओळखावे?

उत्तर: रंगावर जाऊ नका, सिंथेटिकलाही बॅजरसारखे काळे-पांढरे पट्टे रंगवतात. गळलेला एक केस चिमट्यात धरून जाळा. प्राण्याचा केस जळक्या केसाचा वास देतो आणि राख बोटाने चुरली जाते. सिंथेटिक तंतू वितळून टोकाला कडक मणी होतो.

प्रश्न (पुणे): घरात पणजोबांच्या काळातला घोड्याच्या केसांचा ब्रश आहे. वापरू का?

उत्तर: केस वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स हा जिवाणूंमुळे होणारा जीवघेणा रोग झाला होता, आणि त्याचे बीजाणू फार चिवट असतात. झुपका उपसायला किंवा कोरायला जाऊ नका, त्याची धूळ नाकात जाते. ब्रश शोभेला ठेवायचा असेल तर बंद काचेत ठेवा, आणि दाढीला नवा घ्या.