घरफोडीनंतर पोलिसांनी आम्हालाच घरात का जाऊ दिलं नाही?

'गिरगावातल्या आमच्या घरात चोरी झाली आणि पोलिसांनी दीड तास आम्हालाच जिन्यात उभं केलं, हा काय प्रकार?' असं तुम्ही विचारलंय. राग समजतो. आत कपाट उचकटलेलं, आईला रडू आवरत नाही आणि खाकीतला एक पोरगा दारात आडवा उभा. मी मुंबई पोलिसांत तीस वर्षं काढली, त्यातली बरीच बीटवर, म्हणजे ठरलेल्या भागात गस्तीला. त्या पोराने केलं ते बरोबर केलं.

११२ ला फोन गेला की कंट्रोलवरून जवळच्या गाडीला किंवा बीट मार्शलला कॉल मिळतो. म्हणजे पहिला पोचतो तो साधा शिपाई. आत कोणी जखमी आहे का, चोर अजून आतच आहे का, हे तो आधी बघतो. जीव पहिला. माणूस धुगधुगत असेल तर पुरावा गेला तरी चालेल, त्याला आधी हॉस्पिटलात हलवायचं. घर रिकामं असल्याची खात्री पटली की आत गेला त्याच वाटेने मागे यायचं आणि दार धरायचं. दिव्याचं बटण दाबायचं नाही, स्वतःची टॉर्च वापरायची. पंखा, नळ, संडास, कशालाच हात नाही. आपल्या आधी कोण आत जाऊन आलं, कशाला हात लागला, ते वेळेसकट लिहून ठेवायचं. साहेब आत गेले तर त्यांचंही नाव त्यात.

आता तुमच्याच कपाटाचं बघा. चोराने मूठ धरून ओढली, तिथे त्याचा ठसा उमटला. 'मंगळसूत्र आहे का बघते' म्हणून आईने तीच मूठ धरली की ठशावर ठसा बसतो, खालचा पुसला जातो. मग ठसे तज्ज्ञाने कितीही हलक्या हाताने ब्रश फिरवला तरी पावडरीत नुसता डाग दिसतो. तुमच्या घरच्यांचे ठसे घेतले असतील तर तेही एवढ्याचसाठी, सापडलेल्या ठशांतून तुमचे बाजूला काढायला. त्यात संशय नसतो, मनाला लावून घेऊ नका.

मुंबईत खरी अडचण जागेची. चाळीत दहा बाय बाराची खोली, गॅलरी सगळ्यांची, जिना एकच. जागा अडवायची पट्टी बांधणार कुठे? मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून गॅलरीत आडवी बांधली आहे.

ते शिकलो मात्र एका चुकीतून. लालबागच्या एका चाळीत भोसकाभोसकी झाली होती. मी एकटाच पोचलो, जखमीला खाली नेऊन टॅक्सीत घातलं आणि बरोबर गेलो. जाताना दोन शेजाऱ्यांना 'इथे उभे राहा, कुणाला येऊ देऊ नका' एवढं म्हणायचं राहिलं. परत आलो तर गॅलरी फिनेलने धुतलेली. पोरांनी रक्त बघू नये म्हणून एका मावशींनी बादल्या ओतल्या होत्या. त्यांचा काय दोष? पंचनाम्यात 'जागा ओली व धुतलेली' एवढंच आलं. पुढे कोर्टात बचावाच्या वकिलांनी विचारलं, वार खोलीत झाला की गॅलरीत? जिन्याकडे गेलेले रक्ताचे थेंब मी स्वतः पाहिले होते, पण ते दाखवणार कुठून? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दार धरल्यानंतरचं काम तपासी अधिकारी, पंच आणि फोटोग्राफरचं. आधी फोटो, मग मोजमाप आणि नकाशा, उचलायचं ते सगळ्यात शेवटी. रक्ताचा कपडा सावलीत वाळवून कागदात बांधतात. प्लॅस्टिकमध्ये तो कुजतो, आपल्या दमट हवेत तर लवकरच. वर पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, आणि मुद्देमाल कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी यावं, हेही कलम १७६ मध्ये आलं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. आमच्या वेळी सगळा भार पंचांच्या आठवणीवर होता.

तुमचा दीड तास बहुधा ठसेवाल्यांची वाट बघण्यात गेला. त्या शिपायाने हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, आणि आईला खुर्ची द्यायला हवी होती. ते चुकलंच.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. गेलेल्या दागिन्यांच्या पावत्या, जुने फोटो शोधून ठेवा. आणि आवराआवर करताना कपाटामागे तुमचा नसलेला स्क्रू ड्रायव्हर, पाना, काहीही सापडलं तर उचलू नका. तिथेच राहू द्या आणि तपासी अधिकाऱ्याला फोन करा, पुरवणी पंचनामा करता येतो.