तलवार फुटलेला प्लॅटी आणि इतर प्रश्न

प्रश्न : टाकीतला छोटा मासा लाल प्लॅटी म्हणून आणला. त्यातल्या एका नराच्या शेपटीला खालच्या बाजूने अर्धा सेंटीमीटर तलवार, म्हणजे टोकदार लांब सूळ, फुटली आहे. हा प्लॅटी, की अशी तलवार असलेला स्वोर्डटेल मासा?

निखळ कोणताच नाही. दोन्ही झिफोफोरस या एकाच प्रजातीतल्या (genus) जवळच्या जाती, आणि विक्रीला येणाऱ्या बहुतेक रंगीत वाणांत दोघांचं रक्त असतं. रानातला स्वोर्डटेल हिरवट. त्याचा लाल रंग प्लॅटीकडूनच आलेला. तेव्हा ओळख पटवताना रंग बाजूला ठेवा आणि पाठीवरच्या पराच्या, म्हणजे पोहायच्या पंखाच्या, काड्या मोजा. मासा अरुंद काचेच्या डबीत घ्या, मागून उजेड सोडा, पर उभारला की फोटो काढा आणि फोटोवरच मोजा. हलत्या माशावर मोजणी हमखास चुकते. प्लॅटीत साधारण 8 ते 10 काड्या, स्वोर्डटेलमध्ये 11 ते 14. आकडा सीमेवर अडला तर बांधा पाहा : प्लॅटी ठेंगणा आणि पाठीकडून फुगीर, स्वोर्डटेल लांबट.

प्रश्न : स्वोर्डटेलची मादी ठिपकेवाल्या प्लॅटी नराबरोबर एकटी ठेवली. दोन वेतं झाली, पण पिल्लं सगळी स्वोर्डटेलच. संकर का होत नाही?

कारण बाप दुसराच आहे. या माद्या एकदाच्या समागमातलं शुक्र साठवून ठेवतात आणि नराशिवाय काही महिने वेतामागून वेत देतात. त्यातही दोन जातींचं शुक्र एकत्र आलं तर स्वजातीचं सहसा वरचढ ठरतं. म्हणून मोठी मादी आणून संकर जमवणं हा वेळेचा अपव्यय. मादी कोरी, म्हणजे नराशी कधीच समागम न झालेली हवी, आणि ती घरीच वाढवावी लागते.

पिल्लं चार आठवड्यांची झाली की दर आठवड्याला भिंगाने पोटाखालचा पर पाहा. मादीचा पंख्यासारखा उघडतो. नराचा पुढच्या काड्यांशी जाड होऊ लागतो, मग लांबून सळईसारखा होतो, हेच गोनोपोडियम, नराचं समागमाचं इंद्रिय. जाडी दिसताच नर बाहेर काढा, सळई पूर्ण होण्याची वाट पाहू नका. स्वोर्डटेलचे काही नर फार उशिरा वयात येतात, तोवर माद्यांसारखेच दिसतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. वेगळ्या केलेल्या माद्या वयात आल्यावर आणखी दोन महिने तशाच ठेवा. एकही व्याली नाही तर त्या कोऱ्या समजा.

मग 60 लिटरच्या टाकीत अशा तीन माद्या आणि एकच प्लॅटी नर. पाणी 24 ते 26 अंश, पीएच 7 ते 8, जड म्हणजे क्षारांचं. वर झाकण हवंच, स्वोर्डटेल उड्या मारतात. वेत साधारण चार आठवड्यांनी. आई पिल्लांना खाते, तेव्हा दाट वनस्पती ठेवा.

मात्र तुमचा ठिपकेवाला नर बदला. पाठीच्या परावर काळे ठिपके असलेला प्लॅटी घेतला तर पहिल्या पिढीत काळं रंगद्रव्य पसरतं. त्या पिल्लांचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर केला तर सुमारे चतुर्थांश पिल्लांना मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग होतो : परावरचा डाग जाड होतो, वर येतो आणि पर झिजत जातो. मायरन गॉर्डन आणि कुर्ट कॉसविग या संशोधकांनी 1920च्या दशकात हेच दाखवलं आणि कर्करोगाच्या संशोधनाला त्यातून एक प्राणी मिळाला. टाकीसाठी साधा लाल किंवा पिवळा प्लॅटी घ्या.

प्रश्न : गप्पी या माशाचा संकर एंडलर, मॉली आणि प्लॅटी या माशांपैकी कोणाशी होतो?

एंडलरशी सहज, आणि पिल्लं पुढेही वितात. एंडलरला पोसिलिया विंगेई हे नाव 2005 साली मिळालं. गप्पी आणि तो एका टाकीत ठेवले की शुद्ध वाण लवकर हरवतो, म्हणून अशी पिल्लं देताना ‘संकर’ असं लिहूनच द्या. मॉलीशी क्वचित, आणि पिल्लं बहुधा वांझ. प्लॅटीशी नाही, कारण प्रजातीच वेगळी : गप्पी पोसिलिया, प्लॅटी झिफोफोरस. नर मागे लागलेला दिसेल, पण तो कोणाच्याही मागे लागतो.