श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनने गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का?

पडतो. पासबुक कुणाच्या हातात आहे ते आधी सांगा, मग किती पडतो ते सांगते.

माझ्या आईला बीपी आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण कधी कधी संपलेल्या असतात, मग मेडिकलमधून आणायच्या म्हणजे दादाला सांगायचं. दादा आणून द्यायचा, नाही असं नाही, पण दोनदा आठवण करावी लागायची आणि तिसऱ्यांदा आई तोंडच उघडायची नाही, गोळी एक दिवसाआड घेऊन पुरवायची. पेन्शन तेव्हाही चालू होती बरं का! ६०० चे १००० झाले, २०२३ मध्ये १५०० झाले, बीपी तिथंच. कारण "तिला काय कळतंय बँकेतलं" म्हणून पासबुक दादाकडं. पैसे काही दारूत गेले नाहीत, खतात गेले, किराण्यात गेले, पण आईच्या गोळीत गेले नाहीत.

एका दिवाळीला माहेरी गेले तेव्हा भांडून पासबुक काढून घेतलं आणि आईच्या पिशवीत टाकलं. वहिनी त्यानंतर कितीतरी दिवस बोलली नाही माझ्याशी. आता आई स्वतः गावातल्या बँक मित्राकडं, म्हणजे अंगठा घेऊन गावातच पैसे काढून देणाऱ्या बँकेच्या माणसाकडं जाते, खुरपून खुरपून बोटांच्या रेषा गेल्यात त्यामुळं मशीनवर अंगठा पटकन उठत नाही, तरी बसून राहते आणि पैसे घेऊनच येते. गोळी रोज चालू झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारीत फुकट होतं तरी ते लांबतच चाललं होतं, कारण सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते आणि जायचं-यायचं भाडं कोण देणार? तिनं शेजारच्या मावशीचं भाडं, जेवण स्वतः केलं आणि जाऊन आली. एसटीत तिला हाफ तिकीट लागतं, त्याचाही हातभार.

दादाचं म्हणणं, म्हातारी मिसरीत पैसे उडवते. उडवू दे की! तू तंबाखू खातोस तेव्हा कोण हिशेब मागतं?

आता सरकारबद्दल. या पेन्शनीतला केंद्र सरकारचा वाटा ऐंशीच्या आतल्या माणसाला २००७ पासून २०० रुपयेच आहे, त्यात आज काय येतं? आणि उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांत अख्खं कुटुंब. एवढ्यात कुणाचं घर चालतं ते उत्पन्नाचा दाखला देणाऱ्यालाच ठाऊक.

हां, पेन्शननं सगळं बरं होतं असं मी म्हणत नाहीये. आईचे गुडघे दुखायचे ते दुखतातच. कधी पैसे लांबतात, मग परत उधारी. आणि जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या हातात पासबुक देऊन काय उपयोग, त्यांना करणारं माणूसच लागतं.

तुमच्या घरात कुणाची पेन्शन असेल तर हयातीचा दाखला वेळेत द्या, आधार खात्याला जोडलंय का बघा, आणि खात्याला मोबाईल नंबर ज्याची पेन्शन त्याचाच लावा, मुलाचा नको. आमच्याकडं मेसेज अजून दादाच्याच फोनवर येतो.