कबरीवरचा पिंजरा कशासाठी?

प्रश्न : मैत्रिणीने एडिंबरातल्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीचा फोटो पाठवला. कबरीवर चक्क लोखंडी पिंजरा! मेलेला उठून बाहेर येऊ नये म्हणून तो बसवलाय, असं तिला कुणी सांगितलं. खरं का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : साफ खोटं. पिंजरा आतल्यासाठी नव्हे, बाहेरच्यांसाठी होता. त्याला मॉर्टसेफ म्हणतात. १८३२ पूर्वी ब्रिटनमध्ये विच्छेदनासाठी कायद्याने मिळणारी प्रेतं मुख्यतः फाशी गेलेल्या खुन्यांची, आणि डॉक्टरकी शिकणारे ढीगभर. उरलेली गरज कबरीतून प्रेतं पळवणारे चोर भागवत. प्रेत कायद्याने कुणाच्याच मालकीचं नसे, कफन मात्र असे. म्हणून चोर कफन कबरीतच टाकून जात.

चोर सगळी कबर उकरत नसत. फक्त डोक्याकडची माती काढायची, तीही लाकडी फावड्याने, कारण लोखंडी फावडं दगडावर वाजतं. मग शवपेटीच्या झाकणाचं मोकळं टोक वर ओढायचं. बाकीच्या झाकणावर मातीचं ओझं असल्याने फळी मधेच मोडते. आवाज दबावा म्हणून वर गोणपाट. शेवटी दोर बांधून प्रेत बाहेर.

गरिबाघरचे लोक मातीत पेंढा, काटक्या मिसळत. फावडं अडकतं, चोराचा वेळ जातो. चोरी टळतेच असं नाही. रखवालदार ठेवला तर तो लाच खाई, नाहीतर दारू पिऊन झोपे.

पिंजरा त्याहून भरवशाचा. सळ्या-पट्ट्यांचा सांगाडा शवपेटीभोवती बसवून कुलूप घालत. वजन एवढं, की तो हलवायला कप्पी लागे (आपल्या अंबडच्या वर्कशॉपात चेनपुली लावतात, तसंच). साधारण सहा आठवड्यांत प्रेत कुजून विच्छेदनाच्या कामातून जाई. मग पिंजरा काढून पुढच्या कबरीला. गावकरी वर्गणी काढून असे पिंजरे घेत आणि लग्नाच्या भांड्यांसारखे भाड्याने देत.

प्रश्न : मग शवपेटीच लोखंडाची का नाही केली? – तेच वाचक

उत्तर : केली की! लंडनच्या एडवर्ड ब्रिजमनने १८१८ मध्ये पेटंट घेतलं. झाकणाच्या आत स्प्रिंगचे खटके. एकदा बसले की बाहेरून उघडत नाहीत. अडचण चोरांची नव्हती, जागेची होती. लाकूड कुजतं, जागा पुन्हा वापरता येते. लोखंड वर्षानुवर्षं जागा अडवून बसतं. चर्चवाल्यांनी अशा पेट्या नाकारल्या. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल असा, की पेटी पुरू द्या, पण जास्त फी घ्या.