एकलहऱ्याला येणाऱ्या कोळशाच्या गाड्या अजून किती वर्षं चालतील?

तुमचा प्रश्न असा, की तुमच्याकडे एक हायवा (उघडा टिपर) आहे, तो नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली राख वीटभट्ट्यांवर टाकतो. आता कर्ज काढून राखेचा बल्कर, म्हणजे बंद टाकीचा ट्रक, घ्यायचा विचार आहे. पण सिन्नर फाट्यावर चहा पिताना कुणीतरी सांगितलं, की वणीकडच्या खाणी संपत आल्या, पाच वर्षांत कोळशाची गाडी बंद होणार. हे खरं का, आणि बल्कर घ्यावा का?

मी भुसावळ विभागात मालगाडीचा गार्ड होतो. (जानेवारी २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी त्याआधीच निवृत्त झालो, त्यामुळे मी गार्डच.) भुसावळहून कोळशाचा लोड घेऊन नाशिकरोडला यायचं आणि रिकामा रेक (म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी) घेऊन परत जायचं, यात नोकरीची बरीच वर्षं गेली. ब्रेक व्हॅनमध्ये ना पंखा ना संडास, थंडीत चाळीसगाव ते मनमाड म्हणजे परीक्षाच. पण त्या शेवटच्या डब्यातून गाडीचं आणि कोळशाचं बरंच काही दिसायचं. शिवाय माझी मुलगी वणीला दिलेली आहे आणि व्याही खाणीत डंपरवर होते, त्यामुळे दुसऱ्या टोकाचीही थोडी माहिती आहे.

आधी खाणीचं. तुम्हाला सांगणारा माणूस निम्मा खरा बोलला. वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात एकेक खाण संपते, हे खरंच. भूमिगत खाणी तर परवडत नाहीत म्हणून आधीच बंद पडत गेल्या. उघड्या खाणीतही कोळसा एका दिवशी संपला असं होत नाही. थर खाली खाली जातो, त्याच्यावरची माती काढण्याचं प्रमाण वाढत जातं. व्याही म्हणायचे, आधी माती कमी नि कोळसा जास्त वाहायचो, शेवटी शेवटी दिवसभर मातीच वाहतो. निलजई, उकणी, मुंगोली या भागात फिरलात तर गावापेक्षा उंच मातीचे डोंगर दिसतात, ते यातूनच झालेत. पण एक खाण संपली म्हणजे खाणपट्टा संपला असं नाही. विदर्भातल्या सरकारी खाणींचं एकूण उत्पादन अलीकडच्या वर्षांत घटलेलं नाही, उलट वाढून वर्षाला साठ-सत्तर दशलक्ष टनांच्या घरात गेलंय. तेव्हा कोळसा नाही म्हणून एकलहरे बंद पडेल, ही भीती मनातून काढा.

भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. ती म्हणजे अंतर.

वणीहून निघालेला रेक माजरी, वरोरा, हिंगणघाट, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड करत एकलहऱ्याजवळच्या ओढा स्टेशनात येतो. जवळपास सातशे किलोमीटर. एका रेकला अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, आणि त्यात साडेतीन ते चार हजार टन कोळसा. आता चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र बघा, ते खाणीच्या दाराशी बसलंय. कोराडी, खापरखेडाही विदर्भातच. अगदी भुसावळजवळचं दीपनगर घेतलं, तरी आमची गाडी त्याच्या जवळून पुढे निघायची आणि तिथून नाशिकरोड आणखी अडीचशे किलोमीटर. म्हणजे त्याच खाणीचा, त्याच प्रतीचा, पस्तीस-चाळीस टक्के राखेचा कोळसा एकलहऱ्याला पोचेपर्यंत भाड्यानेच महाग होतो. लक्षात घ्या, त्या भाड्यात आपण राखेचंही भाडं देतो. शंभर वाघिणी आणल्या तर पस्तीस-चाळीस वाघिणी राखच आणली.

आता वीज कुठल्या केंद्राची घ्यायची, हे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात ठरतं. तिथे मेरिट ऑर्डर नावाची यादी असते. ज्याचा इंधनखर्च कमी, त्याची वीज आधी. मागणी वाढत गेली की यादीत खाली खाली उतरायचं. एकलहरे या यादीत बरंच खाली येतं. म्हणून उन्हाळ्यात, सगळीकडे पंखे नि कूलर चालू असताना, तिन्ही संच (वीज बनवणारी यंत्रं) धावतात. पावसाळ्यात धरणं भरली, मागणी पडली, की एखादा संच थंड. आणि आता दुपारी सोलरची वीज येते. तिला इंधनच लागत नाही, मग तिच्यापुढे सातशे किलोमीटरवरून आलेल्या कोळशाचं काय चालणार? दुपारी भार कमी करा, संध्याकाळी वाढवा, असं हे संच चालवावे लागतात. पंचेचाळीस वर्षांच्या बॉयलरला हे झेपत नाही. माणसाचंही तसंच असतं म्हणा.

वय सांगतो, कारण तुमच्या कर्जाशी त्याचा थेट संबंध आहे. एकलहऱ्यात १९७० च्या सुमाराला १४० मेगावॅटचे दोन संच आले, ते केव्हाच मोडीत निघाले. उरलेले तीन संच प्रत्येकी २१० मेगावॅटचे, १९७९ ते १९८१ दरम्यानचे. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच आणा म्हणून कामगार, गावकरी, सर्वपक्षीय पुढारी वर्षानुवर्षं मागणी करताहेत. भुसावळला तसा संच उभा राहिला, आपल्याकडे चर्चाच चालू आहे. भर म्हणून धुरातला गंधक अडवणाऱ्या यंत्रणेचा खर्च. जुलै २०२५ मध्ये केंद्राने बहुतेक वीज केंद्रांना त्यातून सूट दिली, पण दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्यांना नाही दिली. आणि नाशिक २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांच्या पुष्कळ वर गेलंय. इतक्या जुन्या संचाला इतका खर्च करायला कोण तयार होईल, याचा तुम्हीच विचार करा.

गाड्यांचा हिशेब सोपा आहे. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर साधारण तीन-साडेतीन हजार टन कोळसा खातो. म्हणजे संचामागे रोज जवळपास एक रेक. तिन्ही संच असे धावले तर दिवसाला तीन गाड्या. माझ्या नोकरीत असे दिवस बघितले, आणि चार-चार दिवस एकही गाडी साइडिंगला, म्हणजे केंद्राच्या आतल्या रुळांवर, न गेलेलेही बघितले. तेव्हा एखाद्या तारखेला गाड्या बंद होतील, अशी वाट बघू नका. त्या विरळ होत जातील. दिवसाला तीनच्या दोन, दोनची एक, मग दिवसाआड. रस्त्याकडेच्या ढाब्याचं गिऱ्हाईक बायपास झाल्यावर तुटतं ना, तसं.

या विरळ होण्याचा एक मधला काळ फार विचित्र असतो, तो सांगायचा मोह आवरत नाही. एका वर्षी श्रावणात आम्ही लोड घेऊन रात्री अकराला ओढ्याला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, लागलो. आत टिपलर बंद. टिपलर म्हणजे ते यंत्र, जे अख्खी वाघीण धरून उलटी करतं नि कोळसा खाली ओततं. पावसाने कोळशाचा चिखल झालेला, उलटी केली तरी निम्मा माल वाघिणीच्या पोटाला चिकटून. ठेकेदाराची पोरं पहारी घेऊन आत उतरून खरवडत होती. त्यात एक बोल्डर जाळीवर अडकला. आमची गाडी पहाटे पाचपर्यंत तिथेच. आत पुढची मोकळी होईना, मागे मनमाडपर्यंत दुसरी कोळशाची उभी. वर विलंब आकार चढतोय. सकाळी साइडिंगवरचा एकजण म्हणाला, "दहा दिवस गाडी नव्हती आणि आता तीन एकदम आल्या." मागणी अशी वरखाली झाली की हेच होतं. रेल्वेला ठरावीक गाड्या रोज लागतात, माणसं रोज लागतात. दहा दिवस बंद नि मग तीन दिवस गर्दी, हे कुणालाच मानवत नाही. ठेकेदार आधी माणसं कमी करतो, मग गाडी आली की माणसं नसतात.

रेल्वेचं म्हणाल तर रेल्वे याने बुडणार नाही, पण दुखेल. २०२३-२४ मध्ये देशभरात रेल्वेने १,५९१ दशलक्ष टन माल भरला, त्यात जवळजवळ निम्मा कोळसा. आपलं स्वस्तातलं पॅसेंजरचं तिकीट बऱ्याच अंशी या काळ्या मालाच्या भाड्यावर चालतं, हे प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत कोळशाच्या मालगाडीला शिव्या देणाऱ्याला माहीत नसतं. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली, तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या, आठवत असेल. अशा वेळी रेल्वेलाही लांबच्या केंद्रापेक्षा जवळचं बरं वाटतं. तोच रेक कोराडीला फेऱ्या मारून जेवढ्या वेळात दोन-तीनदा रिकामा होतो, तेवढ्यात नाशिकची एकच फेरी पुरी होते.

आणि नाशिक जिल्ह्याच्या रुळांना दुसरं काम नाही असं थोडंच आहे? पानेवाडीचं तेल आहे, मनमाडची धान्याची कोठारं आहेत, लासलगाव-निफाडचा कांदा आहे. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहूनच सुटली. जळगाव-मनमाड चौथ्या मार्गाला २०२४ च्या नोव्हेंबरात मंजुरी मिळाली. पण हा माल तुमच्या कामाचा नाही. रेल्वेचं पोट भरेल, राखेचं नाही.

मध्येच एक उलटं उदाहरण. सिन्नरजवळ गुळवंच शिवारात १,३५० मेगावॅटचं खासगी केंद्र बांधलं, प्रत्येकी २७० चे पाच संच. यंत्रं आली, चिमण्या उभ्या राहिल्या, पण कोळसा आणणारा रेल्वेमार्ग जमिनीच्या वादात रखडला नि वीज घेणाऱ्याशी करारही झाला नाही. वर्षानुवर्षं ते नुसतं उभं. त्या भरवशावर ज्यांनी गाड्या घेतल्या, खोल्या बांधल्या, त्यांना विचारा. तुमच्याच भागातली माणसं आहेत ती.

आता तुमचा बल्कर. बल्करमध्ये भरते ती सुकी राख, चालू संचाच्या धुरातून पकडलेली, सायलोतून, म्हणजे राखेच्या उंच टाकीतून, थेट भरलेली. संच बंद झाला की ती त्याच दिवशी थांबते. तुमच्या हायव्याचं तसं नाही. पाण्याबरोबर वाहून नेलेली ओली राख बंधाऱ्यात वर्षानुवर्षं साठलेली आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणायची सक्ती केली, ती उरली तर टनामागे हजार रुपये भरपाई, आणि जुनी साठलेली राखही टप्प्याटप्प्याने दहा वर्षांत उचलायची. रस्त्याच्या भरावाला, विटांना, बंद खाणी भरायलाही ती चालते. म्हणजे एकलहऱ्याचा शेवटचा संच थंडावला, तरी बंधाऱ्यातली राख उचलायला माणूस नि गाडी लागणारच. कोळशापेक्षा राख जास्त वर्षं टिकेल, असं माझं मत. कधीकधी वाटतं, रिकामे परत जाणारे रेक हीच राख घेऊन विदर्भातल्या खड्ड्यांत का ओतत नाहीत. २०२० मध्ये रिहंदच्या केंद्रातून उघड्या वाघिणीत भरून राख सिमेंट कारखान्याला पाठवली होती, म्हणजे होण्यासारखं आहे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो, तर पाच वर्षांच्या हप्त्यावर फक्त एकलहऱ्याच्या जिवावर बल्कर घेतला नसता. घ्यायचाच असेल तर सिमेंटचं दुसरं काम हातात असल्याशिवाय नाही, आणि जुना, कमी हप्त्याचा. त्यापेक्षा हायवा दुरुस्त करा, बंधाऱ्याच्या राखेच्या निविदा कधी निघतात त्यावर डोळा ठेवा. मुरूम, खडी, माती हायव्यात चालते, ती बल्करमध्ये नाही.

आणि खाणीची बातमी ऐकून झोप उडवून घेण्यापेक्षा दोन गोष्टी बघत जा. जेलरोडवरून जाताना किती चिमण्यांतून धूर निघतो ते. आणि ओढ्याच्या फाटकाजवळ चहा पिणाऱ्या एखाद्या रेल्वेवाल्याला विचारायचं, "आज किती गाड्या गेल्या आत?" सलग दोन पावसाळे उत्तर "एकही नाही" आलं, तर ओळखून घ्या.

तुमच्या हायव्याचा हप्ता अजून किती उरलाय आणि भट्टीवाले पैसे किती दिवसांनी देतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते खाली लिहा, मग बल्करचं गणित आणखी नीट मांडून देतो.